वलांडीवरची उसनी ओळ

शाळा कोणती चांगली, हे मला कोणी विचारू नये. सगळी हयात शाळेत गेली म्हणून लोकांना वाटतं, हिलाच विचारावं. परवा पालघरला आमच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची लेक परदेशात असते. नवऱ्याच्या कामामुळे वर्षभर इकडे येणार, मुलं बरोबर. "मुलांना जरा इथलं कळावं, मराठी यावं आणि इंग्रजीही सुटू नये, अशी एखादी साधी, इथलीच शाळा सांगा ना बाई," म्हणाल्या. मी म्हटलं, "वर्षभरासाठी येणाऱ्यांनी इथल्या शाळा शोधूच नयेत. मुलांना घरी बसवा, फिरवा, खाऊपिऊ घाला आणि परत न्या." वहिनींचं तोंड एवढंसं झालं. चहा टाकते म्हटलं तर थांबल्या नाहीत. त्या बिचारीचा काही दोष नव्हता. पण "वर्षभर" आणि "इथलीच साधी शाळा" हे दोन शब्द एकत्र ऐकले की माझं डोकं अजून फिरतं. का फिरतं, ते एकदाचं लिहून ठेवते.

आमची वाडी दांडी गावाच्या अलीकडे, तारापूरच्या रस्त्यावरून समुद्राकडे उतरलं की लागते. घर म्हणजे एक खोली आणि पडवी, पण आमचं खरं घर अंगणातच होतं, कारण अंगणात वलांडी होती. बांबू उभे पुरायचे, त्यांना आडवे दोर ताणायचे, आणि त्या दोरांवर ओले बोंबील जोडीजोडीने टांगायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. सकाळी टांगलेले बोंबील धुतलेल्या कपड्यांसारखे लोंबत असत, आणि पुरेसं ऊन खाल्लं की वाऱ्यावर खडखडायला लागत. मी पाढे त्या खडखडाटात पाठ केले, निबंध त्याच खडखडाटात लिहिले. दुपारी शाळेतून आलं की चुलीतल्या निखाऱ्यावर सुका बोंबील भाजायचा, हातानेच चुरायचा, वर कच्चा कांदा आणि तांदळाची भाकर. अजून पालघरच्या या फ्लॅटात मी गॅसवर बोंबील भाजते तेव्हा खिडक्या लावून घेते, शेजाऱ्यांसाठी. तेव्हा आम्हाला वास येतच नसे. वास असतो हे मला पहिल्यांदा शाळेत कळलं, तेही दुसऱ्यांच्या नाकांवरून.

वलांडीची आमच्याकडे एक रीत होती. एखाद्या बोटीला अचानक भरपूर मासळी लागली की त्या घरची वलांडी पुरत नसे. मग त्या घरची बाई शेजारच्या अंगणात येऊन नुसतं म्हणे, "एक ओळ दे ग." जिला विचारलं तिने आपले अर्धे सुकलेले बोंबील काढून खाली जाळ्यावर पसरायचे आणि दोर मोकळा करून द्यायचा. किती दिवस, असं विचारायचं नाही. तिची मासळी सुकली की ओळ परत येई. परत मागण्याची पाळी कोणावर आलेली मी पाहिली नव्हती, आणि कोणी परत दिली नाही असंही कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आयने अर्ध्या वाडीला ओळी दिल्या असतील आणि अर्ध्या वाडीकडून घेतल्या असतील. शेजारची राधामावशी तर आयची वलांडी आपलीच समजे.

आय बोईसरला मासे विकायची. बाबा बोटीवर खलाशी होते, घरी आले तरी फारसं बोलत नसत. त्यांच्या वाटचं बोलणंही आयच करायची. एसटीत माशांची पाटी चढवताना कंडक्टरशी रोज भांडण, बाजारात जागेवरून भांडण, गिऱ्हाइकाने कोळंबीला नाक मुरडलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. तिच्या जिभेला सगळा बाजार वचकून असे. बाजार झाला की उरलेली चांगली मासळी घेऊन ती कारखान्यांच्या साहेबांच्या बंगल्यांवर जायची, आणि सुट्टी असली की मी तिच्या मागोमाग. त्या वाटेवर एका कारखान्याच्या फाटकातून मी एकदा एक बाई पाहिली. अंगात पांढरा डगला, हातात काचेची नळी, नळीत निळं पाणी. ती नळी उन्हात धरून बघत होती. लल्लन नावाचा एक ड्रायव्हर तिथे उभा असायचा, तो म्हणाला, "लॅब की मॅडम है." मी ठरवून टाकलं की आपण लॅबची मॅडम व्हायचं. आयला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "त्याला काय शिकाया लागतं ते इचारून ये." शाळेतल्या गणिताच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आठवीपासून सेमी घे. आमच्या शाळेत आठवीच्या अ तुकडीला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असे, बाकी सगळं मराठीतून. तिला सेमी म्हणत. ब तुकडीला सगळंच मराठीतून. लॅबची वाट अ तुकडीतून जात होती, आणि सातवीला गणितात वर्गात मीच पहिली होते, त्यामुळे अ तुकडीत माझं नाव लागलंही होतं.

त्याच वर्षी होळीच्या सुमारास त्या बंगल्यांपैकी एकात जर्मन कुटुंब आलं. साहेब कारखान्यात नवी मशिनं बसवायला वर्षभरासाठी आलेला, बरोबर बायको, माझ्या वयाची मुलगी हॅना आणि तिचा धाकटा भाऊ. बाईचं नाव आयच्या तोंडात बसेना, म्हणून ती तिला गोरीबाय म्हणे. लल्लन आता त्यांचा ड्रायव्हर झाला होता आणि दोघींमधला दुभाषीही. गोरीबाय चांगली होती, हे मी आजही म्हणते. चांगली नसती तर मला तिचा राग धरता आला असता. ती मागच्या पायरीवर आयशेजारी बसायची, सरंगा कापताना बघायची, विळीवर स्वतः हात कापून घ्यायची आणि हसायची. हॅनाला मी भाजलेला बोंबील खायला दिला, तर तिने काट्यासकट चावला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकत राहिली, वर आणखी मागितला.

मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, हा गोरीबायचा मोठा घोर होता. एकदा तिने आयला आणि मला गाडीतच घेतलं, मागे पोत्याखाली आयची पाटी, आणि शाळा बघायला निघाली. पहिली शाळा बोईसरची, मोठी, इंग्रजी. ती, मुलं आणि दुभाषी म्हणून लल्लन आत गेले, आम्ही दोघी गाडीपाशी. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झालेला. लल्लनने सांगितलं, "मेमसाब ने पूछा, इस मछलीवाली की लडकी यहाँ पढ सकती है क्या. वो लोग हँसने लगे." दुसरी शाळा पालघरची. तिथे मराठी बोललं तर दिवसभर गळ्यात पाटी घालून फिरवत, हे ऐकून गोरीबाय खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. मग तिने लल्लनकरवी विचारलं, "कुंदा कुठे जाते?" आम्ही तिला आमच्या शाळेत नेलं. दोन गावांच्या मधली बैठी शाळा, पुढे सुरूची झाडं, मागे ब तुकडीची पत्र्याची खोली. वाडीतली पोरं, शेतकऱ्यांची पोरं, डोंगराकडून आलेली काही पोरं, सगळी एकाच मैदानात धुळीत लोळत होती. गोरीबाय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, आणि लल्लनने सांगितलं, "जहाँ कुंदा पढती है वहीं डालेंगे. कुंदा के साथ बैठेगी." दोन्ही भाषा, आणि इथल्या मुलांत मिसळणं, असं तिला हवं होतं. आय त्या दिवशी एसटीत कंडक्टरशी भांडली नाही. वाडीत पोचल्यावर मात्र दारोदार जाऊन सांगत होती, "गोरीबायने माज्या कुंदाची शाला निवडली, बोईसरची नाय निवडली." इतकी खूश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतर तर नाहीच.

बातमी बोईसरला फिरायला वेळ लागला नाही. जर्मन साहेबाची मुलगी ज्या शाळेत जाणार, ती शाळा काहीतरी असणार, असं कारखान्यांच्या साहेबलोकांना वाटलं असावं. त्यांच्या गाड्या आमच्या सुरूंखाली उभ्या राहायला लागल्या. कालपर्यंत जिथे रस्त्यावरून जाताना काचा वर करायचे, तिथे आता मुलाच्या नावासाठी हात जोडून उभे. अ तुकडीत बाकं मोजकीच होती. हेडसर पालघरहून येत, नेहमी इस्त्रीचा सदरा, गोड बोलणं. ते एका सकाळी थेट आमच्या अंगणात आले.

होड्या पावसाळ्यासाठी वर ओढायच्या आधीची ती शेवटची मासळी होती, आणि ती उदंड लागली होती. राधामावशी नुकतीच येऊन "एक ओळ दे ग" म्हणाली होती, आणि आय आमचे बोंबील काढून तिला दोर मोकळा करून देत होती. हेडसरांना बसायला मी बाज आणून दिली. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, हे त्यांचं कौतुक आयने नंतर वाडीभर केलं.

"पारूबाई," हेडसर म्हणाले, "तुमच्यामुळे शाळेचं नाव झालं. आता पाहुणे आलेत, त्यांची नीट सोय लावायला नको का? अ तुकडीत जागा कमी पडतेय. वाडीतल्या चौघा मुलांना एक वर्ष ब तुकडीत बसवावं म्हणतो. तुमची कुंदा त्यातच आली. तुम्ही हो म्हणालात तर बाकीचे काही बोलायचे नाहीत."

"एक वरीस ना?" आयने विचारलं.

"वर्षभराचाच प्रश्न आहे."

आय हातातला बोंबील दोरावर अडकवत होती, राधामावशीचा. तिने मान वर केली आणि ज्या आवाजात राधामावशीला हो म्हटलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "मंग द्या की. पाहुना हाय, त्येला जागा नाय म्हनून कसं चालंल? वरीस झाला का माज्या पोरीची ओळ परत द्या, झाला."

हेडसर हसले, हात जोडले, आणि चहा पिऊन गेले. मी आयच्या अंगावर धावून गेले. म्हटलं, माझं गणित इंग्रजीतून व्हायचं होतं, माझी लॅब आहे, तू मला विचारलंही नाहीस. ती म्हणाली, "अग, आपन वलांडी देतो तशी दिली. कोन खाऊन टाकतं काय?" तिच्या मनात खरोखर काही शंका नव्हती. ओळ घेऊन परत न देणारंही जगात कोणी असतं, हे तिला माहीतच नव्हतं. कंडक्टर, गिऱ्हाईक, पोलीस, सगळ्यांशी भांडायची तिची तयारी असे, कारण ते काही हिसकावून घ्यायला येत. हेडसर मागायला आले होते. मागणाऱ्याशी कसं भांडायचं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. अ तुकडीत हॅना, आणि तिच्या चहूबाजूंनी बोईसरहून रिक्षांनी येणारी साहेबांची मुलं. आम्ही चौघं मागच्या पत्र्याच्या खोलीत. पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज होई की बाई फळ्यावर लिहीत आणि आम्ही उतरवून घेत असू, बोलणं बंदच. पलीकडून अ तुकडीचं इंग्रजी गणित एका सुरात ऐकू येई. मी सुरुवातीला कान देऊन ऐकायचे, शब्द वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहायचे. मग ते पुढे गेले, माझ्या कानांना काही लागेना, आणि मी सोडून दिलं.

पहिल्या आठवड्यातच हॅना मधल्या सुट्टीत मला शोधत आली. तिच्या हातात दोन पोळ्या होत्या, माझ्यासाठी एक. तिने हातवारे करत विचारलं, "यू नो लाइक मॅथ्स?" मला "नो" कळलं, "लाइक" कळलं, "मॅथ्स" तर कळणारच. पण मला काढलं, तुझ्यासाठी काढलं, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? ते ज्या वर्गात शिकवत होते, त्या वर्गात ती होती. मी नुसती मान हलवली. काय मान हलवली, होय की नाही, ते मलाच ठाऊक नव्हतं. घरी येऊन म्हटलं, आय, मी लल्लनला सांगते, तो गोरीबायला सांगेल, ती हेडसरांना विचारेल. आयने मला दंडाला धरून जवळ घेतलं. "खबरदार. मी शबुद दिलाय. पाहुन्याच्या अन्नात माती कालवायची नाय. वरीसभर दम धर." दिवाळीपर्यंत हॅनाला मोडकं मराठी यायला लागलं होतं, तेव्हा मी सांगूही शकले असते. पण तोवर तिला रिक्षाने येणाऱ्या मैत्रिणी मिळाल्या होत्या आणि माझ्याकडे येणं कमी झालं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी आम्ही बंगल्यावर गेलो. आय मागच्या पायरीवर पापलेट कापत बसली होती. गोरीबाय आतून एक पेटी घेऊन आली, रंगीत पेन्सिलींची, परदेशी, झाकणावर डोंगर आणि बर्फ. माझ्या हातात दिली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लल्लनला काहीतरी म्हणाली. लल्लनने आधी आयकडे पाहिलं. मग म्हणाला, "मेमसाब कह रही है, गणित में कमजोर हो तो दुखी नहीं होना. हेडमास्टर साहब ने बताया, इसीलिए दूसरे क्लास में डाला. सब बच्चे एक जैसे नहीं होते. तुम ड्रॉइंग करो."

विळीवर आयचा हात थांबला. मी तिच्याकडे बघत होते. आता उठेल, आता पदर खोचेल, आता हेडसरांच्या सात पिढ्या काढेल, सगळा बोईसर बाजार ऐकेल अशी बोलेल. सातवीचं माझं प्रगतिपुस्तक तिने घरातल्या देवांमागे ठेवलं होतं, तिला वाचता येत नव्हतं तरी गणिताचा आकडा कुठे आहे ते बोटाने दाखवायची. ती बोलली नाही. तिने पापलेटचं डोकं बाजूला काढलं, पाणी ओतलं, आणि खाली बघूनच मला म्हणाली, "बोल, थँक्यू बोल." मी बोलले. तो एक इंग्रजी शब्द मला चांगला येत होता. पेटी मी वाटेत खाडीत फेकणार होते, पण पेन्सिली फारच सुंदर होत्या, फेकवल्या नाहीत. पुष्कळ वर्षं त्या पुरवून वापरल्या. हेही लिहिलंच पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात ते परत निघाले. शाळेत निरोपसमारंभ झाला. हॅना मराठीतून बोलली, चांगलं बोलली. "या शाळेत गरीब, श्रीमंत, सगळी मुलं एका बाकावर बसतात. हे आमच्या देशातसुद्धा नाही," म्हणाली. टाळ्या थांबेनात. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, हेडसरांनी वाजवल्या, पुढे खुर्चीत बसलेली गोरीबाय डोळे पुसत होती. ब तुकडी मागे सतरंजीवर होती. आम्हीही वाजवल्या, बाई बघत होत्या ना.

जूनमध्ये आय नवं लुगडं नेसून मला घेऊन शाळेत गेली. हेडसर उठून उभे राहिले, खुर्ची दिली, सगळं रीतसर. आय म्हणाली, "सर, पाहुने गेले. पोरीची जागा द्या आता."

हेडसरांनी फार समजुतीने सांगितलं. वर्षभराचं गणित-विज्ञान इंग्रजीतून झालेलं नाही, आता नववीत ही कशी बसणार? नापास होईल. तिचंच नुकसान. आणि हॅनाच्या जागी आता दुसऱ्या मुलाचं नाव आलंय, त्याला कसं उठवणार? "मी हिच्या भल्याचंच बोलतोय, पारूबाई."

"तुमी मागाया आलेले," आय म्हणाली. "माज्या अंगनात आलेले. मी तवाच ओळ दिली."

"अहो, ही शाळा आहे. वलांडी नाही," हेडसर म्हणाले, आणि त्यांना ते स्वतःलाच आवडलं असावं, कारण ते हसले. परत येताना वाडी जवळ आल्यावर आय म्हणाली, "तुला तवा इचाराया पायजे व्हतं मी." एवढंच. त्यावर आम्ही दोघी आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही.

मी पुढे मास्तरीण झाले, डोंगरातल्या आश्रमशाळेत. वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही, मीही लोकांसमोर म्हणत नाही. दिवाळी झाली की तिथली मुलं आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. मी त्यांच्या जागेवर कोणाला बसू देत नसे. वर्गात रिकामी सतरंजी बघून तपासणीला आलेले साहेब विचारत, ही जागा कोणाची? मी नाव सांगायचे. ते म्हणत, मग दुसऱ्याला बसवा की. मी नाही म्हणायचे, आणि खडूस बाई म्हणून माझं नाव झालं. कारखान्यांच्या लॅबमध्ये आता पुष्कळ मुली दिसतात, आमच्या वाडीतल्याही एक-दोन आहेत. बसमधून जाताना फाटकाशी पांढरा डगला दिसला की मी मान दुसरीकडे वळवते. एवढ्या वर्षांनीही वळते ती मान, काय करू?

पण माझं काय गेलं, ते मला त्या जूनमध्ये नीटसं कळलं नव्हतं. कळलं ते त्याच वर्षी दिवाळीनंतर. त्या हंगामात बोंबील पहिल्यांदाच चांगला लागला होता, राधामावशीच्या बोटीला तर भरभरून. ती नेहमीसारखी अंगणात आली, ओल्या पाट्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "पारू, एक ओळ दे ग." आमच्याकडे त्या दिवशी मासळी कमी होती, खालचा एक दोर मोकळाच होता. आयने त्या दोराकडे पाहिलं, मग राधामावशीकडे.

"नाय," ती म्हणाली.

राधामावशीला वाटलं थट्टा करतेय. ती हसून बोंबील घेऊन पुढे झाली. आय उठली आणि दोरासमोर उभी राहिली. "नाय देनार. कुनालाच नाय." मावशी पाट्या उचलून गेली. तिची मासळी त्या वेळी अर्धी कुजली, सगळ्या वाडीला वास आला. आमच्या घरी त्यानंतर ओळ मागायला कोणी आलं नाही, आणि आयही कोणाकडे गेली नाही. सुकवण संपेपर्यंत तो खालचा दोर रिकामाच होता. वरच्या दोरांवर आमचे बोंबील खडखडत होते, आणि मी खाली बसून मराठीतून गणित सोडवत होते.